तुरट फळाचं पथ्य

जागेश्वरदादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, साखर निघाल्याला दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले होते, गोड कमी करा. रुखमावहिनीला 'कमी' हा प्रकार मान्य नाही. तिने बंदच केलं. आसगावात कुठेही जेवणावळ असली की बुंदी वाढणाऱ्याला तिची आधीच ताकीद असते.

अशात त्यांच्या मुलाने, धनंजयने, हिमाचलातून पेटी पाठवली. तो तिकडे बोगद्याच्या कामावर आहे. पेटीत बारा फळं, रंगाने टमाटरासारखी, दगडासारखी टणक. नाव पर्सिमन. सोबत मोबाइलवर हा लांब मेसेज. वहिनीने तो मला वाचायला लावला. यात टॅनिन असतं, कॅरोटीन असतं, तंतू असतात, पोटाला बरं, हृदयाला बरं, थोडं थोडं खावं, तिकडचे लोक वाळवूनही खातात. खाली 'आणखी वाचा' असं होतं. मी वाचलं नाही. माझा चहा निवत होता.

दुसऱ्या दिवशीपासून जेवणानंतर एक फोड सुरू झाली. पहिल्याच घासाला दादाची जीभ टाळूला चिकटली.

"हे तं कच्च्या टेंभरावानी लागते वं," तो कसाबसा म्हणाला. टेंभरं म्हणजे आमच्या जंगलातल्या तेंदूची फळं. कच्चं टेंभरू खाऊ नये हे इथे रांगत्या पोरालाही कळतं.

"टेंभरं फुकटात भेटते," वहिनी म्हणाली, "हे पेटीत आलं. अन् औषध गोड रायते काय?"

दादाने चार दिवस औषध घेतलं. चारही दिवस त्याचं पोट साफ झालं नाही. वहिनी म्हणाली, गुण येऊन राहिला.

उरलेली फळं तिने धान साठवायच्या ढोलीत पुरून ठेवली होती. उंदरांपासून आणि नवऱ्यापासून. आठवड्याने एक काढलं तर ते लोण्यासारखं मऊ. सडलं म्हणून तिने म्हशीला टाकलं. रोज एक सडत गेलं. म्हैस दावणीत वहिनीची वाट बघू लागली, आणि दादा म्हशीकडे बघू लागला.

मग एकदा मी तो मेसेज उघडला. खाली लिहिलं होतं, 'पिकून मऊ झाल्यावरच द्या, कच्चं अजिबात नको.' वहिनीला सांगायची माझी छाती झाली नाही. मी मागच्या अंगणात दादाला सांगायला गेलो, तर तो तणशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाआड शेवटचं फळ घेऊन बसलेला. आणि माझ्या पाठोपाठ वहिनी.

तिने फळ हिसकावलं.

"एकडाव चाखून तं पाय," दादा म्हणाला, "मंग टाक म्हशीले."

तिने बोट लावलं, चाटलं. पुन्हा चाटलं. आणि तिचे डोळे भरून आले.

"काय झालं वं?"

"काई नाई. दोन वर्सानं गोड लागलं तोंडाले."

दादा चक्रावला. "तुले कोनं मना केलं होतं?"

"तुमच्या समोर कसी खाऊ?"

"मांगं खायचं ना मंग!"

"मांगं खाल्लं तं गोड लागते काय?"

दादाने तिचा हात धरून फळ तिच्याच तोंडाशी नेलं, आणि ती खात असताना स्वतः खायचं विसरून गेला.