निकालाच्या दिवशीचे रोल

बेबीबाईने कढई तिरकी धरली, झाऱ्याने खिमा एका अंगाला सारला आणि सुटलेलं तेल वाटीत निथळू दिलं. तेल राहिलं तर पोळी फुटते, असं प्रियंकाने बजावून सांगितलं होतं. मनगट भरून आलं तरी तिने कढई खाली ठेवली नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

प्रियंकाच्या मोबाइलमधल्या व्हिडिओतली बाई कुठल्यातरी परदेशातली होती. तिचा ओटा पांढराशुभ्र होता आणि एवढा स्वयंपाक होईतो तिने एकदाही घाम पुसला नव्हता. मैद्याच्या पातळ पोळीत मांस आणि चीज भरायचं, घट्ट गुंडाळायचं, गुंडाळ्या ओळीने लावून भट्टीत भाजायच्या आणि चटणीसारख्या सॉसमध्ये बुडवून खायच्या.

"तिकडं बीफ घालतेत, मावशी. आपन बोकडाचा खिमा घालू. पार्टी माझी, पन हात तुमचाच पायजे," प्रियंका म्हणाली होती.

पोलीस भरतीची यादी दुपारी लागली होती. वसमतला बेबीबाईच्या मेसमध्ये राहून तयारी करणाऱ्या अकरा पोरींपैकी चौघींची नावं त्यात होती. प्रियंकाचं पहिलं. तेव्हापासून वरच्या खोल्यांत नुसती धावपळ चालली होती. कोणी फोनवर ओरडत होतं, कोणी हसता हसता रडत होतं. ज्यांची नावं नव्हती त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

बेबीबाईला दोन्हींकडे बघायला वेळ नव्हता. पोरी पहाटे मैदानावर पळायला जायच्या, म्हणून ती साडेतीनला उठायची. अंडी, मोडाची मटकी, मग सकाळचं जेवण, मग भांडी. कामाला असलेली बाई दिवाळीत माहेरी गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून बेबीबाई भेटेल त्याला विचारत होती, एखादी बाई बघा म्हणून. गुडघ्यांना तेल लावायचं तिने सोडून दिलं होतं. लावून काही फरक पडत नव्हता.

"मावशी, लाटू का?"

दारात निता उभी होती. यादीत तिचं नाव नव्हतं. हे तिसरं वर्ष. पहिल्या साली गोळाफेक कमी पडली, दुसऱ्या साली पळताना पायात गोळा आला, आणि या खेपेला लेखीत दोन मार्क कमी पडले. डोळे सुजलेले होते, पण तोंड धुऊन, वेणी घालून आली होती.

"लाट," बेबीबाई म्हणाली.

निताने हात धुतले आणि पोळपाट पुढे ओढला. तिची पोळी गोल, पातळ, कडेला कुठे जाड नाही. बेबीबाई ती तव्यावर नुसती शेकून काढायची, खिमा पसरायची, त्यावर चीज किसायची आणि गुंडाळायची. सात-आठ पोळ्या झाल्यावर निताने न विचारताच मधेच उठून टोमॅटो भाजायला टाकले, लसूण सोलला, लाल मिरच्या भिजवल्या. सॉस राहिलाच होता. बेबीबाईच्या ते ध्यानातच नव्हतं.

"हाताला वळण हाय तुझ्या," ती म्हणाली.

"आईचं हाय."

मिक्सर थांबल्यावर निताने बोटावर थोडं घेऊन चाखलं आणि त्यात चमचाभर साय घातली.

"बा उद्या येऊन राहिलाय. न्यायला," ती मिक्सरच्या भांड्याकडे बघत म्हणाली.

"काई दिवसांसाठी?"

"न्हाई. आता बास झालं म्हनला. हळद काढायची हाय, मानसं मिळंनात." ती परत पोळपाटाशी बसली. "तांड्यावर गेलं की समदे येतेत बगायला. निकाल काय लागला म्हनून न्हाई इचारत. ठाऊक असतंय. नुसतं येऊन बसतेत."

बेबीबाईने एक गुंडाळी ट्रेमध्ये ठेवली, पुढची हातात घेतली.

"मावशी, मी हितंच राहू का? तुमच्या हाताखाली. पगाराचं माझं काई न्हाई. पहाटंची अंडी-मटकी मी बगीन, तुमी आपल्या निजा. आन् आब्यासाचं…" ती थांबली. "आता आब्यास न्हाई व्हत, मावशी. थकले मी."

बेबीबाईच्या हातातली पोळी उघडीच राहिली. पहाटे निजायचं. दुपारी दार लोटून अर्धा तास पाठ टेकायची. निता असती तर ते जमलं असतं, यात शंका नव्हती. पोरगी कामाला चोख, जिभेला गोड, आणि न सांगता टोमॅटो भाजणारी. अशी बाई शोधून सापडत नाही. आणि ही स्वतःहून पुढ्यात येऊन बसली होती.

बेबीबाई स्वतः या चुलीपाशी आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. नर्सिंगच्या प्रवेशाला उशीर होता, तोवर एक महिना ओळखीच्या काकूंना मेसमध्ये मदत म्हणून. त्या साली नंबर लागला नाही. पुढच्या साली काकूंची कंबर धरली. त्याच्या पुढच्या साली फॉर्म भरायची तारीख कधी आली नि कधी गेली, ते कळलंच नाही. काकू लेकाकडे राहायला गेल्या आणि चूल हिच्याकडे राहिली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. कोणी कधी जा म्हणालं नव्हतं, एवढंच.

"न्हाई," बेबीबाई म्हणाली.

निताने वर पाहिलं. "काहून?"

"तुला न्हाई जमायचं."

"आत्ताच तर म्हनल्या, वळण हाय."

"दोन पोळ्या लाटनं येगळं, मेस येगळी. तुझ्या हातनं व्हायचं न्हाई." आवाज तिला स्वतःलाच कोरडा वाटला. तिने पोळी गुंडाळली. कडेने चीज बाहेर आलं, ते बोटाने आत ढकललं. "मला कामाची बाई पायजे, रडनारी न्हाई."

उरलेल्या पोळ्या निताने लाटून संपवल्या, पोळपाट पुसून भिंतीला उभा केला आणि वर निघून गेली.

पाव भाजून झाले की सोमेश्वरच्या बेकरीतली भट्टी ऊन असते. बेबीबाईने नेलेले ट्रे त्याने आत सरकवले, मधे एकदा फिरवले. गुंडाळ्या वरून तांबूस झाल्या, चीज कडांना करपून कुरकुरीत झालं. संध्याकाळी पोरींनी ओरडून ओरडून खाल्लं, फोटो काढले, सॉसचं पातेलं बोटांनी पुसलं. निता खाली आली. पंगतीच्या टोकाला बसून तिने दोन रोल खाल्ले आणि ताट घासून जागेवर ठेवलं. बेबीबाईकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

सकाळी तिचा बाप, हरिचंद, मोटारसायकल घेऊन आला. हडकुळा, डोक्याला रुमाल, बोलायला मऊ. मागे वळकटी बांधली, पेटी बांधली. भरतीची पुस्तकं निताने खोलीतच ठेवली होती. बेबीबाई जिना चढून वर गेली, पुस्तकं सुतळीने करकचून बांधली आणि एकेका पायरीवर थांबत खाली आणली.

"ही रद्दी कशाला, बाई?" हरिचंद म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. गाडीला वजन व्हत न्हाई."

त्याने लेकीकडे पाहिलं. निता रस्त्याकडे बघत उभी होती. बेबीबाईने गठ्ठा वळकटीत खोचला, वरून दोरीचा एक फेरा जास्तीचा दिला. गाडी निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत निताने मागे पाहिलं नाही. ते बेबीबाईला बरंच वाटलं, कारण तिचं स्वतःचं तोंड तेव्हा बघण्यासारखं नव्हतं.

दुपारी ती ट्रे परत द्यायला बेकरीत गेली. मोंढ्याच्या बाजाराकडून हळदीचा वास येत होता. ट्रे फळीवर ठेवून ती बाकावर बसली आणि पाय लांब केले.

"मावशी, बाई मिळाली का कामाला?" सोमेश्वरने विचारलं.

"न्हाई ना. तू बी बग की."

"बगतो. आमच्या गल्लीत हाय एक पोरगी, बारावी झालेली. घरी बसूनच हाय."

"पोरगी नको," बेबीबाई म्हणाली. "पन्नाशीच्या वरची बग."

सोमेश्वर हसला. "म्हातारी काय कामाची, मावशी? तुमचेच गुडघे जाऊन राहिले."

"बग तर तू," ती म्हणाली, आणि बाकाला धरून उठली. रात्रीची कणीक मळायची होती.