बनियनच्या आतला खिसा

रात्रीचा उपास सोडायची सकाळची नवकारशी पारून झाली आणि हसुमतीबेन बांधाबांधीला बसल्या. सोमवारी खंभातचं घर सोडायचं होतं. पेटलादच्या अलीकडे भावाचं शेतातलं घर रिकामं होतं, आणि तिथून कोसभर कुठे मोबाइलचा टॉवर दिसत नाही, हे त्यांनी स्वतः माळ्यावर चढून बघून घेतलं होतं.

"अगं, हा पाटा कशाला घेतेस? तिकडे दगड मिळत नाहीत का?" त्यांचे यजमान सेवंतीलाल झोपाळ्यावरून म्हणाले. चेष्टेची खोड गेली नव्हती, पण आवाजातला दम गेला होता.

"तुम्ही बोलू नका बाई. धडधडतं मग."

"बोलल्यानं कुठे धडधडतं? ते आपलं आपण धडधडतं."

तेच तर दुखणं होतं. गेल्या वर्षी आणंदच्या दवाखान्यात सेवंतीलालच्या डाव्या खांद्याखाली, छातीच्या कातडीत पेसमेकर बसवला. त्यानंतर वर्षभर माणूस कसा टुणटुणीत. पहाटे देरासरात प्रभूंच्या मूर्तीला न्हाऊ घालायच्या प्रक्षालाला सगळ्यांच्या आधी हजर, चाळीस वर्षांचा नेम. मग पर्युषण संपलं, समोरच्या गच्चीवर टॉवर उभा राहिला, आणि पंधरा दिवसांत बसल्या जागी छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. इथल्या डॉक्टरांनी दोनदा सदरा-बनियन काढून, आडवं निजवून ईसीजीची पट्टी काढली. दोन्ही वेळा सगळं ठीक. आता ठीक असलेल्या माणसाला घेरी येते, ती टॉवरशिवाय दुसऱ्या कशानं?

शेजारच्या ललितभाईंनी तर टॉवरविरुद्ध अख्ख्या शेरीच्या सह्या गोळा केल्या होत्या. टॉवर उभा राहिला त्याच आठवड्यात समाजाच्या वाडीतल्या आरोग्य मेळाव्यातून किरणं अडवणारं लॉकेटही त्यांनीच आणून दिलं. रुपयाएवढी काळी चकती. "भाभी, हे भाईंच्या छातीवर असू द्या. किरणं आली तशी माघारी!" हसुमतीबेननी विचार केला, गळ्यातलं लॉकेट इकडेतिकडे झुलणार, आणि राखायचं आहे ते तर यंत्र. म्हणून त्यांनी सेवंतीलालच्या साऱ्या बनियनांना आतून, यंत्राच्या अगदी बरोबर वर, एकेक लहानसा खिसा शिवला. शिवताना हातातली सुई टुणकन उडून चकतीला चिकटली, तेव्हा त्यांनी भक्तिभावानं हात जोडले. एवढी शक्ती!

दिवसभरात आराम असा एकाच वेळी पडायचा. साधुसाध्वींच्या उपाश्रयात सामायिकाच्या ध्यानाला बसले की त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत ना धडधड, ना घेरी. उपाश्रयात विजेची तार नाही, दिवा नाही, पंखा नाही. आणखी पुरावा तो काय हवा? हसुमतीबेननी तिथेच ठरवलं, जिथे वीज कमी तिथे राहायचं. प्रक्षालाचा नेम सुटणार म्हणून सेवंतीलाल दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू म्हणशील तसं."

निघण्याआधी साध्वीजींच्या तोंडून आशीर्वादाचं मांगलिक ऐकावं म्हणून शुक्रवारी दोन प्रहरी हसुमतीबेन उपाश्रयात गेल्या. साध्वी संवेगरत्नाश्रीजी एकट्याच पोथी सोडून बसल्या होत्या.

"मत्थएण वंदामि. सुखशातेत आहात ना, महाराजसाहेब?"

"देवगुरूंची कृपा. सोमवारी निघता म्हणे?"

हसुमतीबेननी पहिल्यापासून सगळं सांगितलं. साध्वीजींनी मान खाली घालून पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे तार नाही हे खरं. पण बेन, टॉवर तर इथूनही दिसतो."

हसुमतीबेननी वळून बघितलं. कडुनिंबाच्या वर तो तांबडापांढरा सांगाडा उभाच होता.

"आणि दिवाळीत तुमच्या श्रावकांचा पाय मुरगळला होता, तेव्हा सामायिक कुठे केलं त्यांनी?"

"घरीच. खिडकीपाशी."

"तेव्हा धडधड झाली?"

हसुमतीबेन आठवू लागल्या. खिडकीत टॉवर, डोक्यावर पंखा, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही. आणि सेवंतीलाल शांत बसलेले. उठल्यावर तर चक्क सूतरफेणी मागितली होती! त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे हा सामायिकाचाच प्रभाव, महाराजसाहेब!"

"प्रभाव आहेच. पण सगळं श्रेय त्याला देऊन शरीराचं कारण झाकू नये. सामायिकाला बसताना श्रावक काय काय सोडतात, ते सांगा बघू."

"क्रोध, मान, माया, लोभ," हसुमतीबेननी पाठशाळेतल्या मुलीसारखं घडाघडा म्हणून दाखवलं.

साध्वीजींना हसू आवरेना. "तेवढं सुटलं तर बेडाच पार! आणखी काय सोडतात?"

"आणखी म्हणजे... चप्पल. घड्याळ. शिवलेले कपडे. सामायिकात धोतर आणि उपरणंच तर..."

बोलता बोलता त्या थांबल्या. धोतर आणि उपरणं. बनियन नाही. डॉक्टरांकडेही बनियन नाही. त्यांचा हात आपोआप डाव्या खांद्याखाली गेला.

मांगलिक ऐकायचं राहिलंच. त्या वयाला न शोभणाऱ्या घाईनं घरी आल्या आणि नवऱ्याच्या सदऱ्यात हात घालून चकती बाहेर काढली.

"अगं, अगं! दार तरी लाव!" सेवंतीलाल ओरडले.

त्या संध्याकाळी धडधडलं नाही. सकाळीही नाही. शनिवारी दोघं आणंदला गेली. यंत्र तपासणाऱ्या सेलिनाबेन मॅकवान यांनी आधी बनियन उलटंसुलटं करून पाहिलं.

"मासी, टाके काय सुंदर घातलेत हो! पण हा चुंबक आहे." त्यांनी पडद्याकडे बघत चकती क्षणभर यंत्रावर धरली. पडद्यावरची रेघ दाटीवाटीनं धावू लागली.

"हेच! हेच ते!" सेवंतीलाल उठूनच बसले.

"चुंबक जवळ आला की यंत्र हृदयाचं ऐकणं सोडून देतं, काका. ठरलेल्या गतीनं आपलेच ठोके देत राहतं."

"आमच्या घरी आहे तसं एक," सेवंतीलाल बायकोकडे बघत म्हणाले. "चुंबकाशिवाय चालतं."

हसुमतीबेन हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मीच शिवला तो खिसा. माझ्या हातानं. काही झालं असतं तर?"

"झालं नाही ना! चुंबक दूर झाला की यंत्र पुन्हा ऐकायला लागतं, त्याला काही इजा होत नाही. डॉक्टरसाहेबही बघून घेतील." सेलिनाबेननी त्यांचा हात हातात घेतला. "टॉवरचं म्हणाल, तर एवढ्या लांबून पेसमेकर बिघडलेला मी तरी पाहिला नाही. बाकी शरीराला काय होतं याचा शोध चालू आहे, अजून नक्की असं काही हाती लागलेलं नाही. पण जवळचं सांभाळा. मोबाइल डाव्या खिशात नको, उजव्या कानाला धरा. इंडक्शनच्या शेगडीवर वाकू नका, हातभर लांब उभे राहा."

बाहेरच्या बाकावर हसुमतीबेननी नवऱ्यापुढे हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्."

"क्षमा मागायच्या संवत्सरीला अजून खूप अवकाश आहे. तोवर जपून ठेव, लागेल." मग ते हळूच म्हणाले, "सोमवारचं काय?"

"सोमवारी तुम्ही प्रक्षालाला जा. मी बांधलेले डबे सोडते."

सामायिकात अंगावर विजेचा उजेडही पडू नये म्हणून हसुमतीबेन जन्मभर कांबळं पांघरत आल्या. वीज म्हणजे तेउकायाचे, अग्नीचा देह असलेले जीव, आणि तिच्यापासून जेवढं लांब तेवढं बरं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आता मात्र त्यांना राहून राहून वाटत होतं की तीच वीज, थेंबभर, या माणसाच्या छातीत तेवते आहे. आपण तिच्यावर चुंबक ठेवला, तरी ती रागावली नाही, विझली नाही. साध्वीजींना, दवाखान्यातल्या त्या मुलीला, ते यंत्र घडवणाऱ्या कुठल्या कुठल्या अनोळखी हातांना त्यांनी बसल्या बसल्या मनातून वंदन केलं.

बस सुटायची वेळ झाली तसा सूर्य कलला. चौविहार होता; मावळतीनंतर पाण्याचा थेंब नाही. पिशवी चाचपली, तर उकळलेल्या पाण्याची बाटली स्टँडच्या बाकावरच राहिलेली.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "एका रात्रीनं काय होतं?"

पण सेवंतीलाल उठलेसुद्धा. कंडक्टरला "एक मिनिट, भाई!" म्हणत पायऱ्या उतरले, स्टँडच्या गर्दीतून धोतर सावरत चक्क पळाले, आणि बाटली घेऊन तसेच पळत परत आले. छाती वरखाली होत होती, पण पळून आलेल्या माणसाची होते तशी, आणि पाहता पाहता निवली.

"घे. आधी तू."

खिडकीत अजून ऊन होतं. हसुमतीबेननी नवकार म्हटला आणि पाणी प्यायल्या.