शब्दाएवढी रेघ

साहेब, तुम्ही एका रेघेची रुंदी अकरा वेळा बदलायला लावलीत, आणि ती रेघ ज्या बाईच्या फोनवर दिसणार होती तिचा फोन तोवर एकदाही हातात घेतला नाहीत. हा आरोप आहे. तुमचं नाव घेत नाही, कारण तुमच्या खुर्चीत उद्या दुसरा बसला तर तोही हेच करेल. पण झालं काय ते आता पुरतं ऐका.

तळवलीचा प्रीतम ऐरोलीच्या एका आयटी पार्कात, सातव्या मजल्यावर, मोबाइलची ॲपं बनवतो. बनवतो म्हणजे, दुसऱ्यांनी अर्धवट टाकून दिलेल्यांना ठिगळं लावतो. डिप्लोमाचे दोन विषय राहिले ते राहिलेच. बाकीचं सगळं तो फुकटचे व्हिडिओ बघून शिकला. वय एकतीस. पाठ विचाराल तर साठीची.

घरी आई, गोजरा. नवरा गेल्यावर तिने घराच्या मागच्या पडवीत तांदळाच्या भाकऱ्या थापायला घेतल्या. आज त्या पडवीतून चार ऑफिसांच्या कँटीनला रोज दोनशे भाकऱ्या जातात. दोन शेगड्या, एक चूल, पिठाचं पिंप, हाताखाली दोन बाया. प्रीतमची नोकरी आजवर दोनदा सुटली. भाकऱ्या एक दिवस सुटल्या नाहीत. घर चालतं ते पडवीवर, आणि हे घरातल्या दोघांनाही ठाऊक आहे.

तर तळवली धरून चार गावांतल्या घरांची मोजणी झाली. कुणाचं घर किती, कुणाचा ओटा धरला, कुणाची पडवी सोडली, सगळं एका ॲपवर टाकायचं ठरलं. लोकांनी घर क्रमांक टाकून बघायचं, चूक असेल तर पंधरा दिवसांत आक्षेप नोंदवायचा. कागदावर नाही, खिडकीवर नाही, फक्त ॲपवर. जे मोजणीत नाही ते बेकायदा, आणि बेकायदा ते पाडायचं. म्हणजे गोजराची पडवी राहणार की जाणार, हे त्या ॲपवर ठरणार होतं. आणि ते ॲप फिरत फिरत येऊन पडलं प्रीतमच्याच टेबलावर.

ॲपच्या माथ्यावर तीन शब्दपट्ट्या होत्या: ‘माहिती’, ‘मोजणी नकाशा’, ‘आक्षेप नोंदवा’. ह्यांना टॅब म्हणतात. ज्या टॅबवर बोट ठेवाल त्याच्या खाली एक निळी रेघ सरकत येते, तुम्ही कुठे आहात ते सांगायला. तिघांनी पडदा सारखा वाटून घेतला होता, त्यामुळे रेघही पडद्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. चाललं होतं बरं.

पहिल्या मीटिंगला मोजणी खात्याच्या साहेबांनी, म्हणजे तुम्हीच, चष्मा कपाळावर चढवला.

“हे काय आहे?”

“इंडिकेटर, सर. कुठल्या टॅबवर आहोत ते कळतं.”

“ते कळलं हो. एवढा लांब कशाला? शब्द एवढासा आणि रेघ भिंतीपासून भिंतीपर्यंत. गबाळं दिसतं. शब्दाएवढी करा.”

शब्दाएवढी करा. बोलायला काय जातं. नवी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, असती तर ते एका ओळीचं काम होतं. पण ह्या ॲपात जुनी, आणि नवी घालायची तर सुरक्षेची तपासणी पुन्हा, म्हणजे तीन आठवडे. साहेबांनी दिले तीन दिवस. मग प्रीतमने जुगाड काढला. पडदा सारखा वाटून घ्यायचा नियमच काढून टाकला. ज्याचा शब्द जेवढा, त्याला तेवढीच जागा. रेघ आपोआप शब्दाएवढी झाली. आणि शब्द मावले नाहीत तर पट्टी बोटाने डावीकडे ओढायची, पुढचा शब्द येतो.

साहेबांच्या फोनवर न मावण्याचा प्रश्नच नव्हता. फोन वीतभर रुंद, भाषा इंग्रजी, अक्षर मुंगीएवढं.

“आता फार तोकडी वाटते,” साहेब म्हणाले. “दोन्ही बाजूंनी थोडी वाढवा.” वाढवली. “कडा गोल करा.” केल्या. “आता परत लांब वाटते.” कमी केली. “शब्दांमध्ये हवा पाहिजे जरा, गुदमरल्यासारखं वाटतं.” तीन शब्दांमधलं अंतर वाढवलं. ह्या हवेनेच पुढे घात केला, पण तेव्हा कोणाला माहीत?

गीतांजली मॅडम त्याच्या टीमच्या प्रमुख. बाई वाईट नाही, पण तिच्याही मानेवर कोणीतरी बसलेलं. सातव्या बदलाला ती म्हणाली, “प्रीतम, तू आता रेघेत पीएचडी करून टाक.”

“गाईड साहेबच ना?”

“मग तर झालीच तुझी बारा वर्षं.”

हसले दोघं. त्याच दिवशी प्रीतमने कामाच्या यादीत लिहिलं होतं: मराठी भाषा आणि मोठं अक्षर लावून तपासणं बाकी. गीतांजलीने त्यापुढे लिहिलं: पुढच्या खेपेला. अकराव्या बदलापर्यंत ती ओळ यादीच्या तळाशी गेली, आणि प्रीतमच्या डोक्यातूनही. तो रोज सकाळी नऊला बसत होता आणि चार पिक्सेल घालत होता, तीन काढत होता. असं काम केलंय कधी, साहेब? दगड फोडून माणूस दमतो, पण संध्याकाळी समोर खडी तरी दिसते.

ॲप सुरू झालं. पंधरा दिवस मोजायला लागले.

आता गावात काय झालं ते बघा. गोजराचा फोन मराठीत, आणि अक्षर सगळ्यात मोठं. चुलीच्या धुराने डोळे अधू झालेत तिचे. गावातल्या निम्म्या बायकांचे फोन तसेच. पोरांनीच लावून दिलेत. त्या मोठ्या अक्षरांत ‘माहिती’ मावलं, ‘मोजणी नकाशा’ मावलं, मग साहेबांची हवा आली आणि पडदा संपला. ‘आक्षेप नोंदवा’ पूर्णपणे बाहेर. एक काना दिसेल तर शपथ. पट्टी ओढता येते हे सांगणारं काहीच तिथे नव्हतं. आणि गोजरा उगाच काही ओढून बघत नाही. एकदा बोट घसरलं आणि कँटीनच्या मॅनेजरला पहाटे व्हिडिओ कॉल लागला, तेव्हापासून जे दिसतं त्यालाच ती हात लावते.

गावात ‘आक्षेप नोंदवा’ दिसलं ते कमलाकरला. निवृत्त क्लार्क, नवा फोन, सगळं इंग्रजीत. त्याने दुसऱ्याच दिवशी आपल्या ओट्यासाठी आक्षेप टाकला आणि नाक्यावर सगळ्यांना फोन दाखवत फिरला. बायांनी आपापले फोन काढून बघितले. कोणाकडेच ते नाही. मग त्यांनी मिळून त्याचा अर्थ लावला, आणि अर्थ असा लावला की सरकारी कागदाशी आयुष्यभर झगडलेली माणसंच तो लावतील: ज्याच्या घरावर भानगड आहे, त्यालाच सरकार आक्षेप पाठवतं. आपल्याला आला नाही, म्हणजे आपलं घर सुटलं.

“कमलाकरला आक्षेप आला म्हनं,” गोजराने पीठ मळता मळता बाजूच्या सखूला सांगितलं. “मना तवाच वाटलेला, त्यानं ओटा रस्त्यान काडलाय.”

“लय मिरवीत होता,” सखू म्हणाली. “आता मिरव.”

सखूने तर देवीला नारळ फोडला.

नवव्या दिवशी सकाळी गोजरा भाकऱ्यांची टोपली बांधत होती आणि प्रीतम बूट घालत होता.

“आय, ॲप बघितलंस ना? घराचं?”

“बगितला. आपला बरा हाय सगला.”

“पडवी धरलीय?”

“धरली असंल. आपल्यावर कायच आला नाय.”

इथे त्याने फोन मागायला हवा होता. हात पुढे केला असता की काम झालं असतं. पण साहेबांचा निरोप आला होता, रेघेचा निळा जरा गडद हवा, आणि त्याला आईचं म्हणणं खरं मानायचं होतं, कारण खरं मानलं की अजून एक गोष्ट तपासावी लागत नाही. त्याने बुटाची नाडी आवळली आणि निघाला. ह्याची माफी तो स्वतःलाही देत नाही, तुम्हाला कुठून देणार?

सोळाव्या दिवशी मोजणीवाले आले आणि पडवीच्या भिंतीवर लाल फुली मारून गेले. दारावर कागद चिकटवला: पडवी मोजणीत नाही, विहित मुदतीत आक्षेप प्राप्त नाही. गोजराचा फोन आला तेव्हा प्रीतम जेवत होता. डबा तसाच टाकून बाइकने घरी. सखूच्या न्हाणीवर फुली, पलीकडच्या दोन घरांवर फुली.

“आय, आक्षेप का नाही टाकलास?”

“आरं, आपल्याला आलाच नाय तर टाकू कसा?”

“तो येत नसतो! तिसरा टॅब असतो, सगळ्यांना असतो! फोन दे.”

फोन त्याने हातात घेतला. माथ्यावर दोनच शब्द. ‘माहिती’खाली निळी रेघ, बरोब्बर शब्दाएवढी, कडा गोल. त्याला कळलं. कोणाला सांगावं लागलं नाही. त्याने अंगठ्याने पट्टी डावीकडे ओढली, आणि तिसरा शब्द सरकत आत आला.

“आगं बाय!” गोजरा म्हणाली. “ह्यो कुटं व्हता?”

“इथेच होता.”

“मग दिसत का नाय व्हता?”

प्रीतम चुलीशेजारच्या पाटावर बसला. दारात कमलाकर येऊन उभा होता. “तुज्या आईला मी बोललो व्हतो,” तो म्हणाला, “पन मलाच हसत व्हते सगले.”

“मी केलंय हे, आय,” प्रीतम म्हणाला. “मीच लपवला तो. मुद्दाम नाही. रेघ आखूड करायची होती.”

गोजराने त्याच्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. “रेग?” एवढंच म्हणाली. मग परातीत पाणी घातलं आणि पीठ मळायला घेतलं, कारण संध्याकाळच्या साठ भाकऱ्या बाकी होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याने नोंदी काढल्या. चार गावांतली अकराशे चाळीस घरं. आक्षेप सदतीस. त्यातले पस्तीस इंग्रजी फोनवरून. मराठी फोनवरून दोन, आणि ते दोन्ही विशीतल्या पोरांचे.

गीतांजलीने आकडे दोनदा वाचले. मग हळूच म्हणाली, “मेलमध्ये लिही, काही उपकरणांवर अडचण संभवते. आमच्या बदलामुळे असं लिहू नकोस. तुझी नोकरी जाईल, माझीही.”

“पडवी गेली तर मॅडम?”

“मी नाही म्हणतेय का? पण शब्द जपून.”

त्याच आठवड्यात साहेबांकडे आढावा होता. पडद्यावर सदतीसचा आकडा, आणि साहेब खूश. “बघा, अकराशेतले फक्त सदतीस. ह्याचा अर्थ मोजणी चोख झाली, लोक समाधानी आहेत.”

प्रीतमने आईचा फोन खिशातून काढला. पिठाचे डाग होते त्यावर. टेबलावरून तो साहेबांकडे सरकवला.

“सर, ह्यात आक्षेप नोंदवून दाखवा.”

गीतांजलीने डोळे मिटले. साहेबांनी फोन धरला, चष्मा खाली घेतला, ‘माहिती’ दाबलं, ‘मोजणी नकाशा’ दाबलं. परत ‘माहिती’. खाली बघितलं, मागे गेले, पुढे आले. मिनिट गेलं. दोन मिनिटं. पट्टी ओढून बघायचं त्यांना सुचलं नाही. ज्यांनी ती पट्टी अकरा वेळा नजरेखालून घातली, त्यांनाही सुचलं नाही.

“ह्यात नाहीये,” साहेब म्हणाले.

“आहे सर. कडेच्या बाहेर आहे. लोकांना पंधरा दिवस असंच दिसत होतं.”

साहेबांनी फोन दूर धरून परत बघितला. त्यांच्या कपाळावर आठी आली, आणि प्रीतमला क्षणभर वाटलं, आता ह्यांना समजलं.

“ह्यात रेघ एवढी मोठी का दिसते?” साहेब म्हणाले.

“अक्षर मोठं आहे, सर. रेघ शब्दाएवढी आहे.”

“मग लोकांना अक्षर लहान करायला सांगा.”

“सर, मुदत परत उघडा. पंधरा दिवस. मी एका दिवसात ॲप दुरुस्त करून देतो, रेघ पहिल्यासारखी करतो.”

“मुदत सिस्टीमनेच बंद झालीय. सिस्टीम मी कशी उघडणार?”

“सिस्टीम माझ्याच हातात आहे सर. एक तारीख बदलायची आहे. तुम्ही सही करा, मी बदलतो.”

“पुढचा विषय,” साहेब म्हणाले.

प्रीतम जागेवर आला आणि मेल लिहायला बसला. ‘काही उपकरणांवर’ लिहिलं आणि खोडलं. मग सरळ लिहिलं: टॅबच्या रेघेची रुंदी कमी करताना मी केलेल्या बदलामुळे मराठी भाषा आणि मोठं अक्षर असलेल्या फोनवर आक्षेपाचा टॅब दिसेनासा झाला. तपासणी राहिली, ही माझी चूक. अकरा बदल कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या तारखेला झाले, ते सोबत जोडलं आहे. खाली स्वतःचं पूर्ण नाव, घर क्रमांकासकट. गीतांजली मागे उभी राहून वाचत होती. तिने त्याला थांबवलं नाही. “एक प्रत मलाही पाठव,” म्हणाली, आणि त्याने मेल साहेबांना पाठवला.

त्याला आता तीन आठवडे झाले. प्रीतमचं ॲपवरचं काम काढून घेतलंय. तो नुसता बसून असतो. गोजरा भाकऱ्या थापते, लाल फुलीकडे पाठ करून. सखूने न्हाणीतलं सामान आवरलंय. पाडकामाची गाडी बुधवारी येणार, असा कागद आलाय.

त्या मेलला उत्तर नाही. पोचही नाही.

साहेब, आज सोमवार. अकराशे चाळीस घरांची मुदत तुम्ही परत उघडणार की नाही? हो किंवा नाही, तुमच्या सहीने, बुधवारच्या आत लिहून द्या.