प्रार्थनेतला उमेदवार

अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या एका लहान गावच्या बाप्टिस्ट पंथाच्या चर्चमध्ये मिस लोरेट दर रविवारी तळघरातल्या खोलीत मुलांचा वर्ग घेत. त्या सकाळीही बिस्किटं वाटून झाली, सांडलेलं दूध पुसून झालं, तोच दारात पाळक ब्रदर गार्लंड उभे.

"मिस लोरेट, उपासना संपत आली की पोरांना वर सगळ्यांसमोर न्यायचंय. डेलच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करतील. मंगळवारी मतदान आहे."

डेल प्रुइट गावच्या शाळा समितीच्या निवडणुकीला उभा होता. त्याच्याविरुद्ध होत्या मिरियम फेल्डमन, गावच्या जनावरांच्या डॉक्टर; धर्मानं ज्यू. "हा देश ख्रिस्ताचा, शाळाही ख्रिस्ती हातांतच हवी," असं ब्रदर गार्लंड मागच्या रविवारी म्हणाले, तेव्हा डेलसाठी प्रार्थना करायला सगळे उठले. लोरेटही उठल्या. डेलच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी 'आमेन' म्हटलं. त्याच संध्याकाळी मिरियम लोरेटच्या आजारी शेळीला बघायला आल्या. "कळलं मला," एवढंच म्हणाल्या आणि शेळीला औषध पाजून गेल्या. लोरेटना मान वर करवली नाही.

पाळक गेल्यावर लोरेट म्हणाल्या, "पोरांनो, फार पूर्वी या देशात आपल्या बाप्टिस्टांना चाबकानं मारायचे. का, तर सरकारमान्य चर्च सोडून वेगळी उपासना करायचे म्हणून."

"मारायचं कोण?" पुढ्यात बसलेल्या छोट्या अ‍ॅबिलीननं विचारलं.

"ख्रिस्तीच."

"देवाचं नाव घेऊन?"

"हो गं. म्हणून आपली माणसं म्हणाली, सरकारनं कुणाच्याच धर्माची बाजू घेऊ नये. आपल्याही नाही."

"मग तुम्ही डेलकाकांवर हात कशाला ठेवलात?"

"सगळे उठले होते, बाळा. एकटं बसून राहायची भीती वाटली. चुकलं माझं."

एवढ्यात ब्रदर गार्लंड परत आले. "चला, रांग लावा."

"मुलं येणार नाहीत."

"चेष्टा पुरे, मिस लोरेट! लोक खोळंबलेत. हा वर्ग पुढं चालवायचाय ना तुम्हाला?"

"चालवायचाय तर! जीव आहे माझा यांच्यात. डेलसाठी मी घरी प्रार्थना करीन, मिरियमसाठीही करीन. पण तुमच्या प्रचाराला या पोरांचे हात देणार नाही."

"मग मीच नेतो. उठा रे!"

मुलं भराभर उठली. मोठ्यांचं मुकाट ऐकावं, हे त्यांना लोरेटनीच तर शिकवलं होतं. जिन्यावर पावलं वाजत गेली. अ‍ॅबिलीन तेवढी खुर्चीच्या कडा घट्ट धरून बसून राहिली. लोरेट तिच्या शेजारी जाऊन बसल्या.