मुत्तम्माचं पाणी

जाफराबादच्या प्रभावतीबाईंचं पत्र येऊन अडीच वर्षं झाली होती आणि मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र शब्दकोशात ठेवलं होतं, म्हणजे रोज दिसेल आणि रोज लाज वाटेल अशा जागी.

एका दिवाळी अंकात माझी कथा आली होती. आजवर छापून आलेली तेवढीच. अठराव्या शतकातलं फ्रेंचांचं पुद्दुचेरी, तिथल्या व्यापाऱ्याचं घर, त्याची नखरेल मादाम आणि मोलकरीण मुत्तम्मा. मी समुद्रसुद्धा पाहिलेला नाही. सगळं पुस्तकांतून जमवलेलं.

प्रभावतीबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी लिहिलं होतं, 'कथा आवडली. पण अंगणात विहीर असताना तुमची मुत्तम्मा तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना का वापरते? कथेखाली तुमचा पत्ता मस्तगडचा आहे; तुमच्या त्या भागात नळ किती दिवसांनी येतो? असो. पुढची कथा लिहीत असाल तर कळवा, वाट पाहते.'

पकडला गेलो होतो. त्यानंतर मी एक ओळही लिहिली नाही.

परवा नळाचा दिवस होता. आमच्याकडे अकरा वर्षं काम करणाऱ्या नंदाबाईंनी ड्रम ठेवायला टेबल सरकवलं, शब्दकोश पडला आणि पत्र बाहेर आलं.

"काका, बाईचं अक्षर दिसून राह्यलं," त्या म्हणाल्या. "एवढं जपून ठिवलं ते?"

मी घाईघाईने पत्र वाचून दाखवलं. मग त्यांना कथाही ऐकायची होती. ड्रम भरेपर्यंत वाचली. नळ कधी बंद करायचा ते त्या न बघता ओळखतात. एक थेंब सांडला नाही.

"ही मुत्तम्मा तर मीच हाये."

"तुम्हालाच बघून लिहिली."

"मला विचारलं न्हाई."

"चूक झाली. शिवाय तिथे विहीर होती, ते मी विसरलो."

"विहीर व्हती, पण शेंदत कोण व्हतं?"

"मुत्तम्मा."

"मादाम न्हाई?"

"मादाम कशाला शेंदेल?"

"मंग बराबर लिव्हलंय तुम्ही. आमच्या माहेरी विहीर काठोकाठ भरेल राह्यची, तरी आई तांदळाचं पाणी फेकत न्हवती. पाणी न्हाई वाचवायची ती, खांदे वाचवायची."

माझ्या कपाटात त्या काळावरची सात पुस्तकं आहेत. मादामची खुर्ची कुठल्या जहाजाने आली ते त्यांत आहे. खांद्यांबद्दल काही नाही.

दुपारी उत्तर लिहायला बसलो. नंदाबाई भांडी आवरून मागे उभ्या राहिल्या.

"माफी किती वेळा मागितली?"

"चारदा."

"एक ठिवा. माझं नाव टाकलं का?"

"टाकलं. हे उत्तर तुमचंच आहे, असं स्पष्ट लिहिलंय."

टपालपेटीपर्यंत त्या सोबत आल्या. त्यांचा विश्वास नव्हता, आणि त्यांचं बरोबर होतं.

"एकदा वाचून उद्या टाकतो," मी म्हणालो.

"काका, पाकीट डकवेल हाये."

शेवटच्या ओळीत मी 'पुढची कथा लिहितो आहे' असं लिहून बसलो होतो. म्हणजे आता ती लिहावी लागणार. तीत मादामला एकदा तरी पाणी शेंदायला लावा, असं नंदाबाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं.

मी पाकीट पेटीत टाकलं. नंदाबाईंनी वाकून फटीतून आत बघितलं, आणि मगच आम्ही घराकडे वळलो.