दोघांच्या आद्याक्षरांचं कार्ड

कार्डाच्या कोपऱ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग उलटून दुसरा कोपरा चाचपला. काल संध्याकाळी नखाने पाडलेली चीर कुठेच नव्हती.

"चोरी सापडली," ते स्वतःशी पुटपुटले.

कोशाच्या कचेरीत सगळे त्यांना फौजदार म्हणत. एकदा टाचण्यांची डबी हरवली, तेव्हा त्यांनी तीन दिवस सगळ्यांचे खण धुंडाळले. डबी शेवटी त्यांच्याच कोटाच्या खिशात निघाली. ती तिथे कुणीतरी ठेवली, असं ते अजूनही म्हणतात.

इथे सारख्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा कोश तयार होत होता. शब्दांच्या एका जोडीला एक कार्ड, खाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरं. नियम कडक होता: दुसऱ्याच्या कार्डाला पेन लावायचं नाही, शंका असेल तर चिठ्ठी जोडायची. एकतीस वर्षं फौजदारांनी हा नियम पाळला होता आणि इतर पाळतात की नाही यावर लक्ष ठेवलं होतं.

आता डोळेच दगा देत होते. समोर पाहिलं की मधोमध राखाडी डाग, कडेकडेने दिसेल तेवढंच. हे घरी बायकोला ठाऊक होतं, कचेरीत कुणालाच नाही. गेल्या वर्षी मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांची नजर अधू झाली, तेव्हा संपादकांनी चहापाणी करून, गोड बोलून त्यांना घरी बसवलं होतं. फौजदारांच्या वाट्याच्या चाळीस जोड्या उरल्या होत्या. तेवढ्या आपल्या हाताने संपवू द्या, मग खुशाल घरी पाठवा, एवढंच त्यांचं मनातलं मागणं होतं.

आणि नेमकी शेजारच्या टेबलावर ही बाई. दीड वर्षापूर्वी आलेली, कामापुरतं बोलणारी. कमी बोलणाऱ्या माणसांवर फौजदारांचा मुळीच विश्वास नव्हता. त्यातून ती सारखी काहीबाही विचारायची: काका, कालच्या जोडीत तुम्ही शेवटी काय ठरवलंत? गेल्या आठवड्यात भिंगाखाली स्वतःच्याच कार्डावरचं अक्षर त्यांना परकं वाटलं, तेव्हापासून ते खुणेची चीर पाडू लागले होते.

"अहो, तिला तुमच्या कार्डांचं काय लोणचं घालायचंय?" बायको म्हणाली होती. फौजदारांकडे उत्तर तयार होतं. तिला त्यांच्या चुका संपादकांपुढे मांडायच्या होत्या आणि त्यांचं खिडकीजवळचं टेबल पटकवायचं होतं.

चीर गेलेलं कार्ड 'ओव्हरकम' आणि 'सरमाउंट' या जोडीचं होतं. त्यावर त्यांनी तीन दिवस डोकं शिणवलं होतं. ओव्हरकम केलं की अडचण हरते. भीती, आजार, वाईट सवय यांना हाच शब्द शोभतो. सरमाउंट करणारा मात्र अडचणीवर चढून पलीकडे उतरतो. ती मागे तशीच उभी राहिली तरी चालतं.

दुसऱ्या दिवशी ते तासभर आधी पोहोचले. बाई त्यांच्याच टेबलाशी, खिडकीच्या उजेडात बसली होती. एका हाताला त्यांची कार्डं, दुसऱ्या हाताला कोरी. ती लिहीत होती.

"उठू नका. आधी ती कार्डं इकडे द्या."

तिने कार्डं दिली आणि आपल्या खणातून त्यांच्याच जुन्या, मूळ कार्डांचा गठ्ठाही काढून दिला. रागाच्या भरात, लपवायचं विसरून, फौजदारांनी भिंग बाहेर काढलं. मान वाकडी करून ते एकेक कार्ड कडेने पाहू लागले. ओळीवर ओळ चढली होती. एक वाक्य तर कार्डाबाहेर गेलं होतं; त्याचा शेवट टेबलाच्या लाकडावर असणार.

"सहा महिने मी ती स्वच्छ उतरवून ठेवतेय, काका. शब्द एकही बदललेला नाही."

"आणि अक्षर लागलं नाही तिथे?"

"तिथे तुम्हालाच विचारलं. बोलता बोलता."

फौजदार खाली बसले. संपादकांना सांगितलंत का, हा प्रश्न ओठांवर आला, पण त्यांनी तो गिळला. सांगितलं असतं तर आपण आज इथे नसतो. त्यांना लाज वाटली. त्याहून जास्त दुःख झालं ते वेगळ्याच गोष्टीचं. सहा महिने जे अक्षर आपलं म्हणून मिरवलं, ते आपलं नव्हतं.

त्यांनी एक कोरं कार्ड मागितलं. डाव्या अंगठ्याने कड धरून, ओळ चाचपत त्यांनी ओव्हरकम-सरमाउंटची जोडी पुन्हा लिहिली. खाली स्वतःची आद्याक्षरं घातली. मग तिची विचारली आणि शेजारी तीही लिहिली. ती थोडी त्यांच्या अक्षरांवर चढली.

"ह्याची नक्कल करायची नाही," ते म्हणाले.

"संपादकसाहेबांच्या लक्षात येईल."

"येऊ दे."

सवयीने त्यांनी कोपऱ्याला नखाची चीर पाडली. मग अंगठ्याने दाबून ती सपाट केली आणि हाताने कड चाचपत कार्ड संपादकांच्या ट्रेमध्ये ठेवलं.