दुबार नावं

पुण्याहून आलेल्या देवस्थळींची किंमत मला पहिल्या पाच मिनिटांतच कळली. एस.टी.तून उतरल्या उतरल्या त्यांनी मला विचारलं, "इथे उकळलेलं पाणी मिळतं ना?" गडचिरोलीला मशीन चालू करून द्यायला आलेला माणूस आधी स्वतःच्या पोटाची चौकशी करतो, तेव्हा तो मशीनच्या पोटात काय दिवे लावणार, ते समजायला फार अक्कल लागत नाही.

साल अठ्ठ्याऐंशी. आमच्या कार्यालयाकडे जंगलगावांच्या जमिनीच्या पट्ट्यांचं काम होतं. जंगलात वर्षानुवर्षं धान पेरणाऱ्या लोकांची यादी एकतीस मार्चला नागपूरला पोचायला हवी होती. यादीत नाव असलं तर पट्टा. नसलं तर येत्या पावसाळ्यात त्या जमिनीत नांगर धरायला मनाई. अकराशे त्रेचाळीस फॉर्म भरून आले होते. तीन कारकून बसवले असते तर दहा दिवसांत सुवाच्य अक्षरात यादी झाली असती. पण वरच्या कुणाला तरी कॉम्प्युटरची हौस आली आणि युनिक्सचं मशीन आमच्या स्टोअररूममध्ये येऊन बसलं. हैदराबादला सहा महिन्यांचं ट्रेनिंग घेतलेला बी.एस्सी. खोब्रागडे, म्हणजे मी, त्याचा ऑपरेटर.

नावं साठवायला डेटाबेसचं सॉफ्टवेअर लागतं. ते अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठातून टेपवर आलं, आणि तेही तयार नाही, सोर्स. म्हणजे भाकर नाही, पीठ. आपल्या मशीनवर आपणच मळायचं, आपणच थापायचं. त्याला कंपाइल करणं म्हणतात. देवस्थळी त्यासाठीच टाय बांधून आले होते.

त्यांनी टेप उतरवून घेतली, एक हुकूम टाइप केला आणि खुर्चीत रेलून मला पुण्याच्या हवेविषयी सांगू लागले. पडद्यावर सहा तास ओळी सरकत होत्या. संध्याकाळी ते म्हणाले, "झालं. बघा चालवून." मी माझ्या नावानं आत शिरलो आणि डेटाबेस उघडायला गेलो. परवानगी नाही. त्यांनी स्वतः उघडला, लगेच उघडला. मी पुन्हा गेलो, पुन्हा परवानगी नाही. देवस्थळींनी वर पंख्याकडे बघितलं आणि निदान केलं, "व्होल्टेज."

दुसऱ्या दिवशी सगळं पुसून परत सहा तास. परत तेच. या वेळी दोष धुळीचा. तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली, तेव्हा मात्र त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की मला त्यांची कीव आली. "मिस्टर खोब्रागडे, अशा ठिकाणी हे चालणारच नाही," असं सांगून त्यांनी रिपोर्टवर सही केली आणि चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघून गेले. जाताना माझं पेनही घेऊन गेले.

टेपवर एक फाइल होती, तिचं नावच मुळी 'आधी हे वाचा' अशा अर्थाचं होतं. देवस्थळींनी ती उघडलीसुद्धा नव्हती. मोठ्या माणसांना वाचायची गरज नसते. मी वाचली. दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं की या सॉफ्टवेअरसाठी मशीनवर वेगळं खातं उघडा आणि त्याच खात्यातून कंपाइल करा. देवस्थळी सगळं रूटमधून करत होते. रूट म्हणजे युनिक्सचा मालक. त्याला कुणी अडवत नाही, आणि त्यानं केलेल्या वस्तूला दुसऱ्या कुणाला हात लावता येत नाही. एवढीच भानगड. मी खातं उघडलं, सकाळी सुरुवात केली, संध्याकाळी डेटाबेस माझ्या हातात होता. खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून मला कार्यालयातला प्रत्येक माणूस देवस्थळी दिसायला लागला.

त्यातले पहिले बापूराव मोहुर्ले. फॉर्म त्यांनीच भरून आणले होते. पन्नाशी उलटलेली, पायात टायरच्या चपला, खांद्याला पिशवी. धानोऱ्याच्या पलीकडची गावं पायी फिरलेला माणूस. त्यांच्या अक्षराची मला आधीच चीड होती. त्यात फॉर्मच्या शेवटी त्यांनी प्रत्येकाच्या शेताच्या हद्दी लिहिल्या होत्या: 'मोहाच्या जोडझाडापासून नाल्याच्या वळणापर्यंत', 'वारुळापासून पोचूच्या बांधापर्यंत'. हे काय टाइप करायचं? मी हसलो आणि हद्दी सोडून दिल्या. नाव, आडनाव, गाव, बास. हे तिन्ही मिळून एक माणूस, असं मी मशीनला सांगून टाकलं.

नावं भरायला लागलो तर मशीन दर थोड्या वेळानं थांबायचं. हे नाव आधी आलंय, पुढे जाऊ का, म्हणून विचारायचं. मुरुमटोल्याची मंगली मडावी. मी फॉर्म बघितले. मंगली मडावी, मुरुमटोला. मंगली मडावी, मुरुमटोला. आणि तिसरीही तीच. मी बापूरावांना बोलावलं.

"बापूराव, झाडाखाली बसून फॉर्म भरले काय? एकच बाई तीनदा लिहून आणली."

"नाई जी," ते म्हणाले, "त्या तीन बाया हायेत. तिकडं मंगळवारी जल्मली का मंगलीच. अन् अख्ख्या टोल्याचं, साऱ्या वस्तीचं आडनाव मडावी."

"मग नवऱ्याचं नाव का नाही घातलं?"

"तिघी रांडमुंड हायेत. मेलेल्या मानसाचं नाव त्या तोंडानं घेत नाई. मी कसा लिहू?"

"म्हणजे लिहिता येत नाही म्हणून तीनदा तेच लिहायचं?"

"भाऊ, तुमी श्रावणात जल्मले म्हून श्रावण ना? तसंच हाये ते."

समोर दोन कारकून होते, ते फिसकन हसले. माझं डोकं फिरलं. आजीनं महिना बघून ठेवलेलं ते नाव मी कॉलेजातच मागे टाकलं होतं. मी सगळीकडे एस. खोब्रागडे लिहायचो. "फॉर्ममागे भत्ता मिळतो ना तुम्हाला?" असं मी सगळ्यांसमोर विचारलं. बापूरावांनी तिन्ही फॉर्म गठ्ठ्यात परत ठेवले. पिशवी उचलून बाहेर गेले.

मग मी जे केलं त्याचा मला तेव्हा भारी अभिमान वाटला. सोर्स माझ्याकडे होता. नाव दुबार आलं की थांबून विचारायचं, हे जिथे लिहिलं होतं ती जागा मी शोधून काढली. चार ओळी होत्या. त्या उडवल्या आणि लिहिलं की दुबार आलं तर गुपचूप टाकून दे. परत कंपाइल केलं. आता मशीन एकदाही थांबलं नाही, कुरकुरलं नाही. अकराशे त्रेचाळीस फॉर्म आत गेले आणि एक हजार एकवीस नावांची देखणी यादी बाहेर पडली. अमेरिकेच्या विद्वानांनाही मी सुधारलं, असं मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी पाठ थोपटली. यादी एकोणतीस मार्चला नागपूरला गेली.

एप्रिलच्या शेवटी मंजूर यादी छापून आली आणि गावोगावच्या पंचायतीवर लागली. मेच्या पहिल्या आठवड्यात बापूराव तीन बायांना घेऊन माझ्या दारात उभे राहिले. एक म्हातारी, एक चाळिशीची, एक अगदी तरणी, काखेत पोर. भर उन्हात स्टँडवरून चालत आल्या होत्या.

मी यादीवर बोट ठेवून विचारलं, "मंगली मडावी कोण?"

"मी," तिघी म्हणाल्या.

बापूराव माझ्याकडे बघत नव्हते. ते खिडकीबाहेर बघत होते, आणि तेच मला सहन झालं नाही.

मी मशीनवर बसलो. उडवलेल्या चार ओळी परत जागेवर घातल्या. कंपाइल व्हायला दिवस गेला. बाया व्हरांड्यात बसून राहिल्या, रात्री बापूरावांनी त्यांना आपल्या घरी नेलं. सकाळी मी आधी टाइप करून ठेवलेली सगळी नावं मशीनला परत भरायला लावली. मशीन थांबलं, विचारलं. मी हो म्हणालो. परत थांबलं. एकशे बावीस वेळा थांबलं. लच्छू, पोचू, सोमारी, सुकरी, इसरू. दर वेळी एक माणूस. प्रत्येक फॉर्मच्या खाली हद्द वेगळी होती. मोहाचं झाड वेगळं, नाला वेगळा, वारूळ वेगळं. देवस्थळींनी निदान कुणाचं काही पुसलं नव्हतं. त्यांना काही करताच आलं नव्हतं. मला येत होतं. मला स्वतःची किळस आली.

मी साहेबांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. साहेबांनी नागपूरला ट्रंककॉल लावला. पलीकडून उत्तर आलं: यादी बंद झाली आहे. एका ओळीला एक पट्टा. ज्या मंगली मडावीचा अंगठा येईल ती. बाकीच्यांनी नव्यानं अर्ज करावा. पुढची यादी कधी निघेल सांगता येत नाही.

ते मी तिघींना सांगितलं. मराठीत सांगितलं, मग बापूरावांनी गोंडीत सांगितलं. कागदावर एकच नाव कसं राहिलं, असं मधलीनं विचारलं. मी म्हणालो, मशीननं बाकीची दोन दुबार धरली.

"दुबार मंजे?"

"म्हणजे... एकदा आलेलं परत आलं तर ते जास्तीचं. ते काढून टाकतात."

तिघी आपसात गोंडीत बोलल्या, फार नाही. तरणी मान हलवत होती, मागे सरत होती. म्हातारीनं तिच्या काखेतलं पोर मधलीकडे दिलं, तरणीचं मनगट धरलं, टेबलावरच्या शाईच्या पॅडवर तिचा अंगठा दाबला आणि पट्ट्याच्या कागदावर नेऊन उमटवला. तरणी रडायला लागली. म्हातारीनं तिचा अंगठा आपल्याच लुगड्याला पुसला.

मग ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता. बी-बियाण्याचं विचारावं तसं तिनं विचारलं.

"भाऊ, तू शिकेल हायेस, सांग. पानी महिन्यावर आला. दुबार मानसानं यंदा धान पेराव का नाई पेराव?"